ऐपत पाहून झाली, आता कामाची परीक्षा घ्या

प्रति,
महाराष्ट्र शासनाच्या ज्या ज्या विभागांत बांधकाम कंत्राटदारांच्या नोंदणीचे नियम ठरतात, तिथले मंत्री, सचिव आणि मुख्य अभियंते यांस,

विषय : बांधकाम कंत्राटदारांना कामाची परीक्षा घेऊन परवाना देण्याबाबत

महोदय, महोदया,

कंत्राटदार नोंदणीसाठी केलेला माझा अर्ज गेल्या महिन्यात परत आला. शेरा एका ओळीचा आहे : ‘शासकीय कामाचा अनुभव दाखला जोडलेला नाही.’ कार्यालय कोणतं ते लिहीत नाही, कारण तिथल्या कर्मचाऱ्याशी माझं भांडण नाही. त्यांनी समोरची यादी घेतली, एकेका कागदावर टिक केली, आणि माझं आजवरचं काम त्या यादीतल्या कुठल्याच रकान्यात बसेना. माझं भांडण त्या यादीशी आहे आणि ती यादी तुमच्याकडून येते.

मी धायरीत राहते. माझे वडील गवंडी. बहात्तरच्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यातून पुण्याला आले आणि इथलेच झाले. मी सिव्हिलचा डिप्लोमा केला, काही वर्षं दुसऱ्यांच्या साइटवर सुपरवायझर होते, मग स्वतःची कामं घ्यायला लागले. बंगले, रो-हाऊस, दोन-तीन मजली घरं, जुन्या सोसायट्यांचं प्लास्टर आणि वॉटरप्रूफिंग. सिंहगड रस्त्याच्या दोन्ही अंगांना माझी कामं उभी आहेत. आता मला सरकारी कामं घ्यायची आहेत. शाळेच्या खोल्या, अंगणवाड्या, असली लहान कामं. २०२५ मध्ये थकलेल्या बिलांसाठी राज्यभरातले कंत्राटदार रस्त्यावर उतरले होते. ते पाहूनही मला नोंदणी हवी आहे, यावरून माझ्या हौसेची कल्पना यावी.

बांधकाम लाइनीबाहेरच्या माणसाला वाटतं की सरकारी कंत्राटदार म्हणजे सरकारने पारखून घेतलेला माणूस. म्हणून काय पारखतात ते आधी सांगते. कंत्राटदारांचे वर्ग असतात आणि ते रकमेने ठरतात. अमुक वर्गाला अमुक रकमेपर्यंतची कामं. वरचा वर्ग हवा तर सॉल्व्हन्सी, म्हणजे बँकेचा ऐपतीचा दाखला, मोठी, उलाढाल मोठी, सीएचा दाखला, जीएसटी, पॅन, यंत्रसामग्रीची यादी आणि पूर्ण केलेल्या कामांचे दाखले, तेही कार्यकारी अभियंत्याच्या सहीचे. पुढे महाटेंडर या सरकारी निविदांच्या संकेतस्थळावर निविदा भरायला डिजिटल सिग्नेचर, प्रत्येक निविदेला बयाणा रक्कम, काम मिळालं की सुरक्षा ठेव. पैशांच्या बाबतीत तुम्ही सावध आहात, हे चांगलंच आहे. कंत्राटदार अर्ध्यात बुडाला तर शाळा अर्धी राहते.

पण या सगळ्यात एकही प्रश्न कामाबद्दल नाही. मिक्सर तुमचा स्वतःचा आहे का, असं विचारतात. त्यात पाणी किती घालता, हे कोणी विचारत नाही. स्लॅब भरल्यावर टेकू किती दिवसांनी काढता? काँक्रीट बांधकामाच्या आयएस ४५६ या भारतीय मानकात ते छापलेलं आहे : साध्या सिमेंटला, साधारण हवामानात, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचा (दोन आधारांमधल्या अंतराचा) स्लॅब असेल तर टेकू निदान ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४, बीमला सहा मीटरपर्यंत १४, त्यापुढे २१. प्रत्यक्ष साइटवर टेकू कधी निघतात, ते सेंट्रिंगवाल्याच्या (स्लॅबखालचा साचा आणि टेकू लावणाऱ्याच्या) पुढच्या कामावर ठरतं. प्लेटा आणि जॅक भाड्याने आणलेले असतात, रोजाचं भाडं चालू असतं आणि दुसऱ्या साइटवरून फोनवर फोन येत असतात. त्या वेळी ‘नाही, अजून चार दिवस’ असं जो म्हणतो, तो खरा कंत्राटदार. तो माणूस तुमच्या कुठल्या रकान्यात सापडतो?

दुसरं गाऱ्हाणं अनुभवाचं. खासगी कामाचा अनुभव अनुभवच नाही, असं तुमची यादी धरून चालते. मी बांधलेल्या घरांचे नकाशे मंजूर आहेत, स्ट्रक्चरल इंजिनिअरचे दाखले आहेत, इमारत वापरायला परवानगी देणारी भोगवटा पत्रं आहेत. बँकेत पैसे आल्याच्या नोंदी आहेत आणि त्यावर मी कर भरलेला आहे. कर घेताना ते काम खरं असतं, अनुभव मोजताना नसतं.

मग नवा माणूस आत येतो कसा? लहान कामांच्या वाटपात काही हिस्सा सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, काही मजूर सहकारी संस्थांना आणि काही खुल्या कंत्राटदारांना, अशी वाटणी आहे. कल्पना चांगली होती. पण डिप्लोमा झाल्याझाल्या मी नोकरीला लागले. मी बेरोजगार नव्हते, त्यामुळे त्या दारातून जायचं सुचलंच नाही. मजूर संस्थांमध्ये खरे मजूर किती, यावर बोलायला बसले तर हे पत्र संपायचं नाही.

उरतो तिसरा रस्ता, तो तुमच्या यादीत लिहिलेला नाही पण सगळ्यांना ठाऊक आहे. नाव एकाचं, काम दुसऱ्याचं. ज्यांनी कित्येक वर्षांत साइटवर पाऊल टाकलेलं नाही, असे नोंदणीकृत लोक मी ओळखते. ठेव त्यांची, डिजिटल सिग्नेचर त्यांची, टक्का त्यांचा. खड्ड्यात उतरून पाया मोजतो तो दुसराच. मलाही विचारणा झाली होती. नाही म्हटलं, त्याचं एक कारण तत्त्वाचं आणि दुसरं अगदी व्यवहाराचं : काम मी केलं तरी अनुभवाचा दाखला त्यांच्याच नावाने निघणार आणि पाच वर्षांनी मी पुन्हा इथेच उभी. म्हणजे ज्या दाखल्यावर तुमची सगळी भिस्त आहे, तो दाखला काम कोणी केलं हे सांगत नाही. काम कोणाच्या नावावर होतं, एवढंच सांगतो.

(आणि हो, अर्ज घेऊन गेले तेव्हा खिडकीवर मला विचारलं गेलं, ‘साहेब आले नाहीत का?’ कंत्राटदार मीच, म्हटल्यावर फाइल एकदा उलटून पाहिली. ही तक्रार नोंदवून ठेवते, मागणी काही करत नाही.)

आता मुख्य गोष्ट. सरकारी कामाला निदान ही यादी तरी आहे. खासगी बांधकामाला तीही नाही. पुण्यात आज कोणीही उठून उद्या सकाळी बांधकाम कंत्राटदार होऊ शकतो. फ्लेक्स छापायचा, व्हिजिटिंग कार्ड छापायचं, वारज्याच्या मजूर अड्ड्यावरून माणसं उचलायची आणि चौरस फुटाचा दर सांगायचा.

जरा आजूबाजूला बघा. आर्किटेक्टला १९७२ च्या कायद्याने नोंदणी लागते. स्ट्रक्चरल इंजिनिअरला आणि साइट सुपरवायझरला किती शिक्षण हवं, किती अनुभव हवा, हे बांधकाम नियमावलीत लिहिलेलं आहे. वायरमनला परवाना लागतो. फ्लॅट विकणाऱ्या एजंटलासुद्धा महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, २०२३ पासून प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. त्यात गैर काहीच नाही. पण फ्लॅट दाखवणारा परीक्षा देऊन येतो आणि त्या फ्लॅटचा स्लॅब भरणारा काहीच न देता येतो, हे तुमच्यापैकी एकालाही खटकत नाही का?

धायरीकडच्याच एका बंगल्याचं सांगते. पहिला कंत्राटदार पैशांवरून भांडून काम अर्ध्यावर टाकून गेला होता. मालक निवृत्त शिक्षक, त्यांनी मला बोलावलं. पहिल्या मजल्याची गॅलरी साडेचार फूट बाहेर काढलेली, टेकू अजून तसेच. खालून पाहिलं तर काँक्रीटच्या तळाला सळयांचा माग उमटलेला दिसत होता. गॅलरी भिंतीबाहेर लोंबते, तिच्यात ताण वरच्या अंगाला असतो, म्हणून तिची मुख्य सळई वर लागते. सळई वर राहावी म्हणून खाली चेअर, म्हणजे वाकवलेल्या सळईचे आधार, द्याव्या लागतात. इथे चेअर दिल्याच नव्हत्या. माल ओतताना मजूर घमेली घेऊन जाळीवरून चालले, सळई दबत दबत तळाला जाऊन बसली. कडेला छिन्नी मारून पाहिलं, वरच्या अंगाला नुसतंच काँक्रीट. प्लास्टर झालं असतं तर यातलं काही कोणाला दिसलं नसतं. टेकू काढले असते आणि दिवाळीला चार माणसं कंदील लावायला गॅलरीत उभी राहिली असती, तर काय झालं असतं ते तुम्ही अभियंते आहात, तुम्हाला सांगायला नको.

गॅलरी तोडली, नव्याने भरली. खर्च मालकांच्या खिशातून गेला. सरांनी मला विचारलं, ‘या माणसाची तक्रार कुठे करू?’ ग्राहक आयोग आहे, दिवाणी कोर्ट आहे, पोलीस आहेत, ते सगळं मी सांगितलं. त्यांना ते नको होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं : या माणसाने आता दुसऱ्या कोणाची गॅलरी बांधू नये, एवढं कोण बघेल? तसं बघणारं कोणीच नाही. परवाना रद्द करा म्हणायला परवाना होता कुठे? तो कंत्राटदार आजही त्याच भागात कामं घेतो.

हे एका गॅलरीचं झालं. जुलै २०१६ मध्ये बालेवाडीत बांधकाम चालू असलेल्या इमारतीचा स्लॅब कोसळून ९ मजूर गेले. जून २०१९ मध्ये कोंढव्यात संरक्षक भिंत मजुरांच्या शेडवर पडून १५ जण गेले, त्यांत लहान मुलं होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये येरवड्यात सळयांची जाळी अंगावर पडून ५ मजूर गेले. प्रत्येक घटना वेगळी, कारणं वेगळी आणि कोण दोषी हे ठरवणारी मी कोणी नाही. गुन्हे दाखल झाले, चौकशा झाल्या, मदत जाहीर झाली. पण ही कामं हातात घेणाऱ्याला कामाचं ज्ञान आहे की नाही हे आधी तपासू या, असा नियम त्यानंतरही झाला नाही.

मजुरांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. बांधकाम कामगार कल्याण मंडळात नाव घालायचं तर आधीच्या १२ महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर लागू झाला, तो याच लोकांसाठी. पण लहान कंत्राटदार त्या दाखल्यावर सही करायला कचरतो, कारण सही केली की मी यांचा मालक आहे हे कागदावर येतं आणि मग नोंदणी, पीएफ, विमा असे प्रश्न मागून येतात. स्वतःच कुठल्या कागदावर नसलेला माणूस दुसऱ्याला कागद देणार कसा? माझ्याकडे मी सही करते. माझ्याकडच्या एका बिगारी बाईंच्या मुलीला मंडळाची शिष्यवृत्ती मिळाली. शेजारच्या साइटवर तेच घमेलं उचलणाऱ्या बाईंना काही मिळालं नाही, कारण त्यांच्या ठेकेदाराचं आडनावही त्यांना माहीत नव्हतं.

यावर तुमच्याकडून काय उत्तर येतं ते मला ठाऊक आहे, कारण ओळखीच्या एका अभियंत्यांनी ते मला चहा पिता पिता दिलं होतं. ‘मॅडम, अजून एक परवाना म्हणजे अजून एक खिडकी, आणि खिडकी म्हटलं की अजून एक पाकीट.’ ही भीती खोटी नाही. म्हणूनच मी शिफारशीवर, मुलाखतीवर किंवा सॉल्व्हन्सीवर मिळणारा परवाना मागत नाही. परीक्षेवर मिळणारा मागते. प्रश्नपत्रिका संगणकावर, निकाल त्याच दिवशी, आणि प्रात्यक्षिक आयटीआय किंवा पॉलिटेक्निकच्या अंगणात सगळ्यांसमोर. एजंटांची परीक्षा घेता येते तर आमची घ्यायला काय हरकत आहे?

दुसरी शंका : गवंडीकामातून वर आलेला, सातवी-आठवी शिकलेला माणूस परीक्षा कशी देणार? देईल. त्याला इंग्रजीतून व्याख्या विचारू नका. समोर जाळी बांधून ठेवा आणि विचारा, यात काय चुकलंय? रिंगांचे हुक किती वळवायचे, सळईखाली ठेवायचा कव्हर ब्लॉक किती इंचाचा, काँक्रीटच्या नमुन्याचे क्युब (ठोकळे) कितव्या दिवशी फोडायचे, गोणपाट टाकून पाणी किती दिवस मारायचं. ओळंबा हातात द्या आणि भिंत तपासायला सांगा. माझ्या वडिलांना सही करायला वेळ लागायचा, पण या परीक्षेत ते पहिले आले असते. आणि माझ्याबरोबर पदविका घेतलेले काही जण नापास झाले असते, हेही सांगून टाकते. ज्या पुण्यात सरकारनेच १८५४ साली सार्वजनिक बांधकामांवरची माणसं तयार करण्यासाठी इंजिनिअरिंगचा वर्ग काढला, ज्याचं पुढे सीओईपी हे अभियांत्रिकी महाविद्यालय झालं, त्या पुण्यात हे शिकवायला आणि तपासायला माणसं मिळणार नाहीत, असं कोणी म्हणू नये.

पुण्यात घरटी एक नातेवाईक कॅलिफोर्नियात असतो, तसा माझा मावसभाऊ आहे. त्याच्या स्वयंपाकघराचं काम निघालं तेव्हा त्याने कंत्राटदाराचा परवाना क्रमांक फोनवर टाकला आणि बसल्या जागी त्याची सगळी कुंडली पाहिली : परवाना चालू आहे का, शिस्तभंगाची कारवाई झालीय का, बाँड (भरपाईची हमी) भरलाय का. तिथे जनरल बिल्डिंग कंत्राटदाराचा परवाना घ्यायचा तर गेल्या दहा वर्षांतला किमान चार वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो. सर्वसाधारणपणे दोन परीक्षा द्याव्या लागतात, एक कायदा आणि व्यवहाराची, दुसरी प्रत्यक्ष बांधकामाची. शिवाय २५,००० डॉलरचा बाँड. खासगी मालकाकडे केलेलं काम तिथे अनुभव म्हणून चालतं, फक्त ते माहीत असलेल्या माणसाने लिहून द्यावं लागतं. त्यांचं सगळं बरोबर आणि आपलं सगळं चूक, असं मला म्हणायचं नाही. फसवणारे कंत्राटदार तिथेही आहेत, मावसभावाचं कामही ठरल्यापेक्षा महिनाभर लांबलंच. पण त्याला विचारायला एक जागा होती.

तेव्हा माझ्या मागण्या अशा :

१. इमारत बांधकाम कंत्राटदारासाठी राज्यात एकच परवाना असावा, सरकारी आणि खासगी दोन्ही कामांना चालणारा. त्याच्या पायऱ्या नुसत्या रकमेवर ठरवू नका, काय बांधायचं आहे त्यावर ठरवा. तळमजल्याच्या घराला एक, तीन-चार मजल्यांच्या आरसीसी इमारतीला दुसरी, त्यावर तिसरी. मोठ्या सरकारी कामांना सॉल्व्हन्सी हवी असेल तर ती निविदेच्या वेळी पाहा.

२. परवान्यासाठी लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा घ्या. मराठी आणि हिंदीत, प्रत्येक जिल्ह्यात. ज्यांना लिहिणं अवघड जातं त्यांना तोंडी. आज काम करत असलेल्यांना निदान दोन वर्षांची मुदत द्या, उद्यापासून सगळे बेकायदा असं करू नका. एवढी माणसं एकदम घरी बसवून चालणार नाही.

३. खासगी कामाचा अनुभव धरा. मंजूर नकाशा, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, भोगवटा पत्र आणि बँकेतली नोंद, एवढं जुळलं की पुरे. त्यावर कार्यकारी अभियंत्याच्या सहीचा हट्ट नको. आणि ज्या कामावर परवानाधारक प्रत्यक्ष हजर नव्हता, ते काम त्याच्या अनुभवात धरू नका. नाव भाड्याने देण्याचा धंदा एवढ्यानेही बराच आवरेल.

४. बांधकाम सुरू करण्याच्या दाखल्यावर आणि साइटच्या फलकावर आर्किटेक्टच्या नावाखाली कंत्राटदाराचा परवाना क्रमांक लिहिणं सक्तीचं करा. आज फलकावर सगळ्यांची नावं असतात, स्लॅब भरणाऱ्याचं सहसा नसतं.

५. परवानाधारकांची यादी सगळ्यांना फुकट पाहता यावी. तक्रार सिद्ध झाली, परवाना निलंबित झाला, तर तेही त्याच यादीत दिसावं.

६. ही सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली आणा. इतक्या दिवसांत निर्णय, नाही तर अपील. शुल्क असं ठेवा की गवंडीकाम करणाऱ्यालाही भरता येईल.

हे सगळं व्हायला कायदा करावा लागेल, त्याला वेळ लागेल, हे मला समजतं. तिसऱ्या मागणीला मात्र कायदा लागत नाही. नोंदणीचे नियम तुमचेच आहेत, एका परिपत्रकाचं काम आहे. तेवढं या आर्थिक वर्षात करा. परीक्षेचा पहिला नमुना तयार झाला की तो तपासायला मला बोलवा, मानधन नको. आणि पहिल्या तुकडीत माझं नाव घाला.

या पत्राची प्रत टपालाने वेगळी पाठवली आहे. उत्तर लेखी मिळावं, ही विनंती.

आपली,
नोंदणी न मिळालेली एक कंत्राटदार
धायरी, पुणे